पिल्लू दारात बसलंय

डोळ्यांच्या दवाखान्यात नंबराची वाट बघणारी माणसं एकमेकांकडे बघत नाहीत. निम्म्यांना दिसत नसतं आणि उरलेल्यांना, आपलंही असंच होणार की काय, ही धास्ती असते. तो आईशेजारी बाकावर बसला होता. आईची मान खाली, हनुवटी जवळजवळ छातीला टेकलेली, उजव्या डोळ्यावर पट्टी. तेवढ्यात तिच्या मांडीवरच्या पर्समधून कुणीतरी कण्हलं. बारीक, नाकातून, रडू दाबून धरल्यासारखं. समोरच्या गृहस्थांनी कुठे लहान मूल आहे का म्हणून इकडेतिकडे पाहिलं आणि नाही असं बघून पुन्हा डोळे मिटले. आईने चाचपडत पर्समध्ये हात घातला, आवाज बंद केला आणि शाळेत पकडलेल्या पोरीसारखी जीभ चावली. त्याने मात्र ओळखला. तो आवाज त्याचाच होता. म्हणजे अगदी त्याच्याच नाकातून निघालेला. तो आईच्या पर्समध्ये कधी जाऊन बसला याचा त्याला पत्ताच नव्हता.

तो मोबाइलवरचे गेम बनवणाऱ्या एका कंपनीत होता. तिथे चित्रं काढणारे वेगळे, कोड लिहिणारे वेगळे, आणि यांतलं धड काहीच न येणारा मी, असं तो स्वतःच म्हणायचा. त्याचं काम एकच होतं. खेळणारा माणूस फोन ठेवून उठून गेला तर तो परत का येईल, ते शोधून काढायचं. गेम साधा होता आणि फुकट होता. एक घर, घरात अस्वलाचं एक पिल्लू, त्याच्या अंगात ढगळ सदरा. घर सजवा, पिल्लाला भरवा, झोपवा. आतल्या दुकानात सोफे, पडदे, झुंबरं विकत मिळायची आणि त्यावर कंपनीची चूल पेटायची. पण त्यासाठी माणूस परत तर यायला हवा. सुरुवातीला लोक यायचे, गोड आहे हो म्हणायचे, आणि जायचे ते जायचेच. तेव्हा याने दाराची युक्ती काढली. खेळणारा गेला की पिल्लू उंबऱ्यात येऊन बसतं. चौकटीला पाठ, एका पायावर दुसरा पाय, आणि सदऱ्याची कॉलर तोंडात धरून चघळत राहतं. ओरडत नाही, रडत नाही. फोनवर नुसता निरोप जातो, पिल्लू दारात बसलंय, आणि मागून तो आवाज. आवाजासाठी पोरांचे, कुत्र्यांचे, कशाकशाचे नमुने ऐकून झाले, एकही पटेना. शेवटी वैतागून यानेच नाक चिमटीत धरून कण्हून दाखवलं. यंत्राने ते थोडं बारीक केलं, बस्स. काचेपलीकडे बसलेल्या चित्रवालीच्या, म्हणजे पिल्लाचं चित्र जिने काढलं तिच्या, डोळ्यांत टचकन पाणी आलं. मग ती म्हणाली, किती दुष्ट आहेस रे, आणि सगळे हसले. तोही हसला. लोक परत यायला लागले ते असे की कंपनीचे साहेब, ज्यांना सगळे थोरले म्हणत, त्यांनी त्याला केबिनमध्ये बोलावून पाठीवर हात ठेवला. तेवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं. पण शहाणपणा सुचला की थांबतो कोण. त्याने पुढे काढलं की, नुसतं बोट टेकवून घरी पोचणं खरं नाही. घराकडे जाणारी वाट दिसावी, आणि फोन हातात धरून माणूस खरोखर चालला तरच ती सरकावी. चालल्याशिवाय दार उघडायचं नाही. आल्यासारखं वाटायला आधी यावं लागतं, असं तो मीटिंगमध्ये म्हणाला होता. ते वाक्य थोरल्यांनी भिंतीवर लावलं.

आत डॉक्टरांनी पट्टी काढली, दिवा लावून पाहिलं आणि पुन्हा एकदा पाहिलं. म्हातारे डॉक्टर होते. आई हॉस्पिटलात नर्स असताना ते तिथे शिकायला होते, म्हणून अजून तिला सिस्टर म्हणायचे. आईच्या डोळ्याचा मागचा पडदा सुटला होता, तो त्यांनी ऑपरेशन करून बसवला होता आणि डोळ्यात हवेचा बुडबुडा सोडला होता. तो बुडबुडा वर चढून पडद्याला दाबून धरणार, म्हणून पेशंटने पालथं पडून राहायचं, उठलं तरी मान खाली. सोपं होतं समजायला. करायला जिवावर येतं, पण आईने आयुष्यभर लोकांना यापेक्षा अवघड गोष्टी करायला लावल्या होत्या. वॉर्डात तिच्या नुसत्या नजरेने पेशंट कूस बदलत नसत. 'सिस्टर, तुम्ही तरी,' एवढंच डॉक्टर म्हणाले. पडदा पुन्हा सुटला होता. आणखी एकदा प्रयत्न करू, पण या वेळी मान वर झाली तर डोळा गेला असं समजा, मग माझ्या हातात काही नाही, असं त्यांनी त्याच्याकडे बघून सांगितलं. दुसऱ्या डोळ्याने आईला आधीच पाण्यातून बघितल्यासारखं दिसायचं. हाही गेला तर तिला वाचता येणार नव्हतं, रस्ता ओलांडता येणार नव्हता, त्याचं तोंड ओळखता येणार नव्हतं. आई खाली मान घालून ऐकत होती. तिने एकच विचारलं, किती दिवस पालथं. डॉक्टरांनी सांगितलं. ती म्हणाली, फार झाले हो.

रिक्षात त्याने विचारलं, कधीपासून खेळतेस. ती म्हणाली, पुष्कळ दिवस झाले. बरं, मला का नाही सांगितलंस. तर म्हणे, तू कामाचं घरी बोलत नाहीस, मी कशाला बोलू. आणि उठून चालायचीस? मावशी काय करत होती? मावशी म्हणजे दिवसभर आईजवळ ठेवलेली बाई. आई म्हणाली, तिला मी भाजी आणायला पाठवायचे. पहिल्यांदा मान खाली घालूनच चालले, कपाटावर आपटले. मग वर करून चालले. एखादी बाई आपण बाजारात कुठे कुठे फिरलो ते सांगते, तसं ती सांगत होती. त्याला तिचा भयंकर राग आला. आणि रागाच्या आतून एक गोष्ट टोचायला लागली, ती अशी की ऑफिसात कुणीच चालत नाही. थोरल्यांपासून ते गेम तपासणाऱ्या मुलींपर्यंत सगळे खुर्चीत बसून फोन हातातल्या हातात हलवतात. गेमला ती पावलंच वाटतात. दार उघडतं. त्यानेसुद्धा त्या वाटेवर एकदाही खरं पाऊल टाकलं नव्हतं. आई खेळते हे त्याला माहीत असतं तर त्याने तिला पहिल्याच दिवशी हे शिकवलं असतं आणि ती पालथी पडल्या पडल्या, पलंगाखाली हात सोडून, फोन हलवत बसली असती. एवढ्याशा गोष्टीसाठी डोळा. पण माहीत कसं असणार. विचारलं कधी होतं.

तिला घरी सोडून तो ऑफिसला गेला. जाणं भाग होतं, गेमची नवी आवृत्ती यायची होती. लिफ्टमधल्या आरशात त्याने स्वतःकडे पाहिलं नाही. पूर्वी, कॉलेज सोडून एका मित्राबरोबर तो गेम बनवायचा, तेव्हाची एक खोली त्याला आठवली, तिथल्या पंख्याच्या घरघरीसकट. त्यांनी एक गेम केला होता. एक चेंडू आणि एक उतार, दुसरं काही नाही. चेंडू सोडायचा, तो घरंगळायचा, आणि योग्य क्षणी बोट टेकवलं तर असा काही उडायचा की पोटात गुदगुल्या व्हायच्या. सीडीच्या डबीतून विकला. लोक एकदाच पैसे द्यायचे आणि घेऊन जायचे. पुढे ते खेळतात की डबीवर चहाचा कप ठेवतात, याची फिकीर विकणाऱ्याला नसायची. कशासाठी विकत घ्यावा हा खेळ, असं कुणी विचारलं तर मित्र म्हणायचा, हातात मजा येते म्हणून. याहून मोठं उत्तर तेव्हा लागत नव्हतं. तो गेम चालला नाही. मित्र कसल्याशा बँकेत गेला आणि याला थोरल्यांनी उचललं. थोरले म्हणाले होते, बाबा रे, मजा आली की माणूस मजा घेऊन निघून जातो. त्याला चुटपूट लागली पाहिजे. चुटपूट लावता येते का तुला? आणि त्याला आली. इतकी सहज आली की त्याचं त्यालाच नवल वाटलं होतं. कुठून येते हे सगळं, असं चित्रवालीने विचारलं तेव्हा तो म्हणाला, असंच, सुचतं.

ऑफिसात कुठल्याही खेळणाऱ्याचं घर आपल्या पडद्यावर उघडून बघता यायचं. बघता यायचं आणि, कुणी लबाडी करत असेल तर, कुलूप घालून बंद करता यायचं. तिसरं काही करता यायचं नाही. त्याने आईचा फोन नंबर घातला. लोकांची घरं तो रोज बघायचा. मजल्यावर मजले, झुंबरांवर झुंबरं, बागेत कारंजी. आईचं घर उघडलं आणि त्याला वाटलं, चूक झाली, हे अजून बांधलेलंच नाही. एक खोली. एक पलंग, एका कोपऱ्यात शेगडी, खिडकी नाही. दाराच्या आत दोन पावलांवर पायपुसणं. पलंग भिंतीला समांतर नव्हता, किंचित तिरका होता. कारण त्याच्या लहानपणीच्या खोलीतला खरा पलंगही तिरकाच लागायचा, मागे पाण्याचा नळ होता म्हणून. गेममध्ये नळ नव्हता, तरी तिने पलंग तिरका ठेवला होता. आतल्या दुकानातून तिने आजवर एकच वस्तू विकत घेतलेली होती. पिल्लासाठी नवा सदरा. जुन्याची कॉलर चघळून चघळून बाद झाली असणार, असा तिने हिशेब केला असावा. गेममध्ये कॉलर कधी झिजत नाही, तसं चित्रच नाही. चित्रवाली मागून येऊन उभी राहिली आणि म्हणाली, कोण आहे हे कंजूस? तो उठून पाणी प्यायला गेला.

ती खोली त्याच्या डोक्यातून कधी गेलीच नव्हती, फक्त बाहेर काढताना तो तिला गेम म्हणत होता. वडील गेल्यावर आई आणि तो, दोघं तिसऱ्या मजल्यावरच्या त्या खोलीत राहायचे. आईची दुपारची पाळी असायची. ती त्याला जेवू घालायची, बाहेरून कुलूप लावायची, किल्ली शेजारच्या काकूंकडे द्यायची आणि जायची. परत यायची दिवेलागणीनंतर. दार उघडायची तेव्हा तो उंबऱ्याशी बसलेला असायचा. चौकटीला पाठ, पायावर पाय, तोंडात कॉलर. आईने त्या कॉलरींपायी काय काय केलं. रागावली, कडू औषध चोळलं, शेवटी नाद सोडला. काकू सगळ्या जिन्याला सांगायच्या, पोर कसं आईच्या वाटेकडे डोळे लावून बसतं. आई खाली वाकून त्याला उचलायची तेव्हा तिच्या अंगाला स्पिरिटचा वास यायचा. पुढे तिला मोठ्या हॉस्पिटलात मेट्रनची जागा मिळत होती, दुसऱ्या गावी, राहायच्या सोयीसकट, पण दिवस दिवस घरी न येण्याची. तिने घेतली नाही. लोकांनी लग्नाचं सुचवून पाहिलं, तिने तेही कानांआड केलं. सगळे म्हणायचे, पोरापायी. तोही तसंच धरून चालला. कुणी काही विचारलं की तो सांगायचा, आईने माझ्यापायी फार सोसलं, आणि ते सांगताना त्याचा आवाज खराखुरा जड व्हायचा. पण एक गोष्ट त्याने कधी कुणाला सांगितली नव्हती. लग्न झालं, टिकलं नाही, त्या मधल्या काळात बायकोलाही नाही. ती गोष्ट अशी की तो तिथे बसलेला नसायचा. दुपारभर तो त्या खोलीत राजासारखा खेळायचा. पलंग हा किल्ला, शेगडीखालची जागा ही गुहा, चमच्यांच्या फौजा. आईची आठवणसुद्धा यायची नाही. जिन्यावर तिच्या चपला वाजल्या की सगळं टाकून पळत यायचा, पाठ टेकायचा, कॉलर तोंडात घालायचा. चपलांचा आवाज दारापर्यंत येईस्तोवर चेहराही तयार व्हायचा. तेवढ्याशा पोराला हे कुणी शिकवलं नव्हतं. चुटपूट लावता येते का म्हणून थोरल्यांनी उगाच विचारलं होतं. त्याचा हात त्यावर आधीच बसलेला होता.

संध्याकाळी तो घरी आला तेव्हा आई पालथी पडली होती, तोंड पलंगाच्या कडेबाहेर, जमिनीकडे. डॉक्टरांनी उद्याच बोलावलं होतं. त्याने ठरवलं होतं की आज सांगून टाकायचं. पिल्लू ताटकळतंय हे तिच्या मनावरचं ओझं एकदा उतरलं की ती उठणार नाही, डोळा वाचेल. त्यापायी तिला आपण लबाड वाटलो तरी चालेल. तो पलंगाशेजारी खाली बसला. तिथून त्याला तिची वेणी आणि मानेवरच्या सुरकुत्या दिसत होत्या, तोंड दिसत नव्हतं, आणि ते बरंच होतं. आधी त्याने पिल्लाचं सांगितलं. म्हणाला, आई, ते तिथे बसलेलं नसतंच. तू फोन उघडलास की तेवढ्यापुरतं त्याचं चित्र येतं. मधल्या वेळात तिथे कुणी नसतं. दार नसतं, घरही नसतं.

'मग काय झालं,' आई जमिनीकडे बघत म्हणाली.

मग त्याने दुसरं सांगितलं. कसं सांगितलं ते त्याला नंतर आठवेना, वाक्यं तुटत होती. मी बसायचो नाही आई. मी खेळायचो. तू आलीस की येऊन बसायचो.

खालच्या रस्त्यावर कुणीतरी मोटारसायकल सुरू करत होतं, ती होत नव्हती. मग तिचा खांदा हलला आणि त्याला वाटलं, रडते. पण ती हात मोकळा करून घेत होती.

'माहीत आहे मला,' ती म्हणाली. 'उचलला की तुझी छाती धडधडायची. दुपारभर एका जागी बसलेल्या पोराची अशी धडधडते होय? नाडी तरी कळते रे मला.'

'मग ती जागा का सोडलीस? मेट्रनची?'

'कारण मग कोण पळत आलं असतं माझ्यासाठी?' तिने थांबून श्वास घेतला, पालथं पडून बोलणं जड जात होतं. 'वॉर्डात दिवसभर माणसं मला हाक मारायची, पण ती औषधासाठी. मी जिना चढायला लागले की वर एक जण हातातलं टाकून पळत सुटतो, हे मला पहिल्या पायरीपासून माहीत असायचं. ते मला चुकवायचं नव्हतं. तुझ्यावर उपकार म्हणून नव्हतं काही. आता तू किल्लीने दार उघडतोस, बूट काढतोस, खोलीत जातोस. मी तिथेच समोर बसलेली असते.'

इतकी वर्षं तो ज्याला चुटपूट म्हणत होता, मीटिंगमध्ये फळ्यावर ज्याचे बाण काढत होता, ते हे नव्हतंच. लोक परत येतात ते पिल्लू ताटकळतं म्हणून, असं त्याने सगळ्यांना शिकवलं होतं. हे शिकवून त्याने पगार घेतला होता. आणि इथे ही बाई, मधल्या वेळात तिथे कुणी नसतं हे पुरतं ठाऊक असताना, आपण आल्यावर कुणीतरी येऊन बसतं एवढ्यासाठी चालत होती. अशा माणसाला काय सांगून थांबवायचं. मग तो व्यवहाराचं बोलला. म्हणाला, यापुढे मी बघतो पिल्लाचं, तू फक्त पडून राहा. शिवाय चालायची गरजच नाही, हे बघ, असा नुसता हलवला तरी दार उघडतं. आई म्हणाली, हलवून कोण येतं? चालशील तरच बघ, नाहीतर राहू दे. तो म्हणाला, चालेन. तिने शपथ घातली नाही, तशी दोघांत पद्धत नव्हती.

दुसरं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, बसलाय पडदा, आता सगळं मानेवर. त्याने रजा घेतली. थोरल्यांनी दिली पण तोंड वाकडं केलं, ऐन वेळेला ही रजा. रोज सकाळी आणि संध्याकाळी तो आईचा फोन हातात घेऊन खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालायचा. सुरुवातीला त्याला लाज वाटली. मग सवय झाली. आई पालथी पडून ऐकायची. तिला जमिनीचा एक तुकडा आणि त्यावरून जाणारे त्याचे पाय तेवढे दिसत. पोचलास? विचारायची. पोचलो. काय करतंय? उठलं, कॉलर सोडली, आलं. नवा सदरा घातलाय ना? हो. मग ती समाधानाने हुंकार द्यायची आणि पडून राहायची, मान तसूभर हलवायची नाही. मावशी म्हणाली, आजी आता कशा गुणाच्या झाल्या. त्या दिवसांत घरात एक प्रकारची शांतता होती. तो तिच्याशी वॉर्डातल्या जुन्या गोष्टी बोलायचा, तिच्या तोंडाखाली बशी धरून तिला भरवायचा. आपण चांगले आहोत असं त्याला पुष्कळ दिवसांनी वाटलं. ते वाटणं त्याला आवडलं. मधे तपासायला नेलं तेव्हा डॉक्टर पहिल्यांदा हसले. बुडबुडा लहान होतोय, पडदा धरतोय, थोडे दिवस कळ काढा, आताच मान वर झाली तर मात्र सगळं फुकट.

त्या सकाळी थोरल्यांचा फोन आला. नवी आवृत्ती आजच जाणार होती आणि दाराच्या हिशेबात काहीतरी अडकलं होतं, ते त्याच्याशिवाय कुणाला उलगडत नव्हतं. अर्धा दिवस ये, थोरले म्हणाले, हवं तर गाडी पाठवतो. तो घाईने तयार झाला. एका हाताने दात घासणं, दुसऱ्या हातात स्वतःचा फोन, कानात चित्रवाली अडचण सांगतेय. आईच्या फोनवर पिल्लाचा निरोप आला होता. तो पलंगाच्या कडेला टेकला, एका पायात मोजा चढवला आणि आईचा फोन उचलून मनगटात हलवला. रोज ऑफिसात हलवतात तसा, चार झटके, मग चार झटके. विचार करून नाही केलं. हाताने केलं. दार उघडलं. तो म्हणाला, आलं गं पिल्लू, ठीक आहे.

'झालं एवढ्यात?' आईने विचारलं.

हो, म्हणत तो दुसरा मोजा शोधत होता. आईने पुढे काही विचारलं नाही, सदऱ्याचंसुद्धा नाही. फोन त्याने डॉक्टरांचा निरोप आला तर असावा म्हणून तिच्या हाताशी ठेवला आणि मावशीला, उठू देऊ नका हं, असं बजावून तो गेला. खाली उभ्या असलेल्या गाडीत बसताना त्याच्या लक्षात आलं की आज पाऊल एकही वाजलं नाही. तिला दिसत नसेल, ऐकू तर येतं. त्याला परत वर जावंसं वाटलं. गाडीचं दार लागलं होतं. संध्याकाळी नीट चालू, असं त्याने मनाशी म्हटलं.

ऑफिसात अडचण सुटायला फार वेळ लागला नाही. कुणीतरी चुकीच्या जागी चुकीचा आकडा घातला होता. नवी आवृत्ती गेली, टाळ्या झाल्या, थोरल्यांनी केक मागवला. तो आपल्या जागेवर बसला आणि आईचं घर उघडलं. पिल्लू दारात होतं. घराकडे येणारी वाट समोर दिसत होती. खेळणारा माणूस पडद्यावर दिसत नाही, चालला की वाटेवर फक्त पाऊल उमटतं. वाट रिकामी होती, आणि मग तिच्या दूरच्या टोकाला एक पाऊल उमटलं. मग बराच वेळ काही नाही. मग आणखी एक.

हलवून आलेली पावलं त्याला डोळे मिटूनही ओळखता आली असती. ती एकसारखी, भराभर, पाऊस पडावा तशी पडतात. ही तशी नव्हती. एक उमटायचं, आणि कुणीतरी तोल सावरतंय, कपाटाला हात टेकतंय, पुढचं बघतंय, एवढा वेळ जायचा. पुढचं बघायला मान वर लागते. त्याने मावशीला फोन लावला. तो वाजत राहिला, मावशी भाजीला गेली असणार. आईचा लावला तर तो तिच्या हातातच वाजणार, ती दचकणार. मग त्याने माउस कुलपाच्या बटणावर नेला. एकदा दाबलं असतं की तिच्या फोनवर घर दिसेनासं झालं असतं. ती थांबली असती. चुकचुकली असती, आणि जुनी नर्स होती, मान खाली घालून गुमान जाऊन पडली असती. डोळा अजून वाचला असता, निदान काहीतरी. हे सगळं त्याला लख्ख कळत होतं. बोट बटणावर होतं.

एक पाऊल उमटलं. वाट सरकली. ती येत होती, आणि त्याच्या मनात जे आलं ते त्याला स्वतःलाही ऐकवत नव्हतं. त्याला हवं होतं तिने पोचावं. कारणं त्याने शोधून पाहिली. आता काय उपयोग, मान तर वर झालीच आहे. घर नाहीसं झालं तर ती घाबरेल, पडेल. खरं एकही नव्हतं. खरं एवढंच होतं की इतक्या वर्षांत तिच्या येण्याच्या वेळी तो पहिल्यांदाच खरोखर तिथे बसलेला होता. किल्ला नाही, चमच्यांच्या फौजा नाहीत, हातात दुसरं काहीच नाही. तो नुसता तिच्याकडे डोळे लावून बसला होता आणि तिचा डोळा जात होता.

केकची बशी घेऊन चित्रवाली शेजारी येऊन उभी राहिली. तिने पडद्यावरचं तिरक्या पलंगाचं घर ओळखलं, पाऊल उमटायची वाट बघितली, आणखी थोडी बघितली. म्हणाली, कोण रे हे, किती हळू चालतंय, आणि हे कुलपाचं बटण कशाला धरून बसलायस, लबाडी करतंय का कुणी?

'नाही,' तो म्हणाला. 'माझी आई आहे. येऊ दे तिला.'